कार्ल जान्स्की

कार्ल जान्स्की यांचा जन्म १९०५ सालीं अमेरिकेंत झाला. बेल प्रयोगशाळेनें त्यांस दिलेलें काम रुक्षच म्हणावयाचें: बिनतारी संभाषणांत खरखर कोठून येते, हें शोधणें. होल्मडेल येथें त्यांनीं सुमारें १०० फूट लांबीचें एरियल मोटारीच्या चार चाकांवर बसविलें. तें २० मिनिटांत एक फेरा घेई. विजांची खरखर ओळखूं आली, पण एक मंद फूत्कार उरला. तो रोज ४ मिनिटें अगोदर येई. म्हणजे त्याची गति सूर्याची नव्हे, ताऱ्यांची! आम्हांस त्यांच्या चिकाटीचें नवल वाटतें तें येथें. तो आकाशगंगेच्या मध्याकडून येतो, असें त्यांनीं १९३३ सालीं जाहीर केलें. १९५० सालीं, अवघ्या ४४ व्या वर्षीं ते वारले. ग्रीन बँकच्या डोंगरांआडच्या शांत खोऱ्यांत आज १०० मीटर रुंदीची फिरती रेडिओ दुर्बीण आहे. तेथेंच त्या चारचाकी एरियलची प्रतिकृतिही उभी आहे.