कमाटीबागेतील एक दुपार

दिवाळीच्या सुट्टीत बडोद्यास मावशीकडे जाण्याचा योग आला. बडोदे पाहायचे म्हणजे आधी लक्ष्मीविलास राजवाडा, असे येथून निघताना सर्वांनी बजावले होते. पण मावशीच्या घरून कमाटीबाग जवळ, म्हणून पहिली दुपार तिथेच गेली आणि पुढच्या तीन दुपारीही तिथेच गेल्या.

बागेचे कागदोपत्री नाव सयाजीबाग. मावसभावाने मात्र रिक्षावाल्याला कमाटीबागच सांगितले. फाटकाशी चौकात सयाजीराव महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. त्यावरून त्या चौकालाच लोक काळा घोडा म्हणतात. शेजारून विश्वामित्री वाहते. नदी लहानशी, पाणी गढूळ, पण तीत मगरी आहेत. भर शहरात मगरी! पुलाच्या कठड्याला टेकून मी बराच वेळ पाहत उभा राहिलो. एकही दिसली नाही.

ही बाग १८७९ सालची. तेव्हा महाराज अवघे सोळा वर्षांचे होते आणि कारभार होता दिवाण सर टी. माधवरावांच्या हाती. म्हणून बागेचे सारे श्रेय एकट्या महाराजांना देणे मला पटत नाही. पण ती ज्या विचाराने वाढली, आत १८९४ साली वस्तुसंग्रहालयाची इमारत उभी राहिली आणि पुढे चित्रशाळाही आली, तो विचार त्यांचा. राजाने बाग करावी ती राणीवशासाठी, ही आपली जुनी रीत. इथे मात्र हिरवळीवर कोणीही बसावे, आणि व्हेलचा सांगाडा नि इजिप्तची ममी कोणीही पाहावी!

हा राजा राजवाड्यात जन्मलेला नव्हता. ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात कवळाणे गावी काशीराव गायकवाडांच्या घरी तो जन्मला, नाव गोपाळ. शेतकऱ्याचे घर, शाळा कसली? इकडे बडोद्यात रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याच्या आरोपावरून मल्हारराव गायकवाडांची चौकशी झाली आणि १८७५ साली इंग्रज सरकारने त्यांना पदच्युत केले. गादी रिकामी पडली. खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांनी त्याच वर्षीच्या मे महिन्यात बारा वर्षांच्या गोपाळला दत्तक घेतले. अक्षरांशी फारशी ओळख नसलेला मुलगा इलियट नावाच्या इंग्रज शिक्षकाच्या हाती सोपवला गेला. सहा वर्षांत मराठी, गुजराती, इंग्रजी, उर्दू, हिशेब, इतिहास! २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्याधिकार हाती आला तेव्हा महाराज अठरा वर्षांचे होते. आपण त्या वयात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला हजेरीची चिंता करीत असतो.

उशिरा मिळालेल्या अक्षरांचे मोल या माणसाला कळले असावे, असे मला वाटते. १८९३ साली अमरेली भागात त्यांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानाला लागू केला, मुलींसकट. १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून गावोगाव ग्रंथालये काढली. बालविवाहाविरुद्ध १९०४ साली कायदा केला. कलाभवन आणि बँक ऑफ बडोदा ही त्यांच्याच काळातली. आपल्यासारख्या दोन भाषांच्या गावातल्या वाचकाला विशेष वाटावे ते हे की, १९३१ साली त्यांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा 'सयाजीशासनशब्दकल्पतरु' हा कोश आठ भाषांत करवून घेतला. दोन भाषांवरून भांडणारे आपण, आणि हे आठ भाषा एका पानावर मांडतात!

१९११ च्या दिल्ली दरबारात बादशहापुढे एकदाच वाकून ते पाठ फिरवून चालते झाले, ही हकीगत सर्वांना ठाऊक आहे. त्यापायी त्यांना पुढे पत्र लिहून खुलासाही करावा लागला, हे मात्र आपण सांगत नाही.

पण त्या बागेत माझे मन अडकले ते दुसऱ्याच गोष्टीत. अस्पृश्यांच्या मुलांसाठी महाराजांनी शाळा काढल्या, तेव्हा तिथे शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक मिळेनात. मुसलमान शिक्षक नेमावे लागले. तरी महाराज हटले नाहीत. १९१३ साली भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणास त्यांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठवले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा करार होता. १९१७ च्या सप्टेंबरात आंबेडकर बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. राजाने बोलावलेला, परदेशात शिकून आलेला हा अधिकारी. त्याला साऱ्या शहरात भाड्याने खोली मिळेना! पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. दोन ओळखीच्यांनी घरी ठेवून घेण्यास असमर्थता दाखवली. मुंबईची गाडी रात्री नऊची. तोवरचे चार-पाच तास आंबेडकरांनी काढले ते याच कमाटीबागेत.

ते ज्या जागी बसले असे सांगतात, तिला आज संकल्पभूमी म्हणतात. मी तिथे गेलो. शेजारी शाळेची सहल आलेली. मुले डबे उघडून बसली होती. मला प्रश्न पडला, तो महाराजांविषयी. कायदा त्यांचा, तिजोरी त्यांची, पोलीस त्यांचे; तरी एका माणसाला चार भिंती देणे त्यांच्या राज्याला साधले नाही. दोष त्यांचा म्हणावा तर त्यांच्याइतके करणारे दुसरे संस्थानिक किती दाखवता येतील? दोष नाही म्हणावे, तर त्या तरुणाचे ते पाच तास कोणाच्या खात्यावर लिहायचे? मावसभावाशी यावर वाद झाला. तो पक्का बडोदेकर, महाराजांविरुद्ध शब्द ऐकून घेईना. मी म्हटले, विरुद्ध नव्हे. पण माझे मलाही नीट सांगता आले नाही.

१९३२ साली कोल्हापुरास भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद महाराजांनी भूषविले. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. चारपैकी तीन मुलगे त्यांच्या हयातीतच गेले होते. गादीवर नातू प्रतापसिंहराव आले आणि १९४९ साली संस्थान विलीन झाले.

चौथ्या दिवशी अंधार पडू लागला तसे रखवालदाराने शिट्टी फुंकली. सहलीची मुले रांगेने फाटकाकडे निघाली. त्यांच्या मागोमाग आम्हीही. पुलावर मावसभाऊ एकदम थांबला आणि पाण्याकडे बोट दाखवू लागला. काठाशी लाकडासारखे काहीतरी पडले होते. ते हलले की नाही, यावर घरी पोहोचेपर्यंत आमचा दुसरा वाद चालला.