जॉर्ज ग्रीन : पवनचक्कीवाल्याचे २१ आकडे

जमिनीखाली शेल नावाचा पापुद्र्यापापुद्र्यांचा खडक असतो. त्यातून भूकंपाची लहर सगळ्या दिशांना सारख्या वेगाने जात नाही. थराच्या बाजूने ती वेगात धावते, थर ओलांडताना मंदावते. लाकूड शिरेच्या दिशेने झटकन चिरते आणि आडवे चिरता चिरत नाही, तसाच काहीसा हा प्रकार. अशा खडकाला विषमदिक् म्हणतात. त्यातल्या लहरींचे गणित संगणकावर मांडायचे, तर खडकाचा ताठरपणा सांगायला जास्तीत जास्त २१ आकडे लागतात. हा २१ चा हिशोब प्रथम मांडणारे जॉर्ज ग्रीन आयुष्याची बरीच वर्षे पिठाची पवनचक्की चालवत होते. हिशोब मांडला तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे खडक नव्हताच, प्रकाश होता.

ग्रीन यांचा जन्म १७९३ सालचा, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा. वडिलांची बेकरी होती. आठव्या वर्षी शाळेत घातले आणि सुमारे दीड वर्षात काढून कामाला लावले. १८०७ मध्ये वडिलांनी शेजारच्या स्नेंटन गावात पवनचक्की बांधली. वारा सुटला की रात्र असो वा दिवस, दळण करावेच लागे. उरलेल्या वेळात ग्रीन यांनी गणित शिकून घेतले, तेही त्या काळी इंग्लंडमध्ये फारसे न रुळलेले फ्रेंच वळणाचे.

१८२८ मध्ये त्यांनी वीज आणि चुंबकत्व यांवर एक निबंध स्वतःच छापून घेतला. किंमत साडेसात शिलिंग, आगाऊ वर्गणीदार ५१. त्यातले बहुतेक गावातले प्रतिष्ठित लोक. आतले गणित कितीजणांना उमगले असेल, याचा अंदाज कुणालाही करता येईल. आज ‘ग्रीनचे फलन’ म्हणून जे शिकवतात त्याचे मूळ याच निबंधात आहे. एका बिंदूवर एक टिचकी मारली, तर बाकी सगळीकडे काय परिणाम होईल ते आधी काढायचे. मग कितीही गुंतागुंतीचे कारण असले तरी ते अनेक टिचक्यांची बेरीज म्हणून सोडवता येते. भूकंपशास्त्रज्ञ खडकातल्या भेगेचे सरकणे आजही असेच मांडतात.

वर्गणीदारांपैकी सर एडवर्ड ब्रॉमहेड यांना मात्र माणूस ओळखता आला. त्यांनी पत्र पाठवून मदत देऊ केली. ती नुसती औपचारिकता असेल, असे कुणीतरी ग्रीन यांना सांगितले आणि उत्तर जायला जवळजवळ दोन वर्षे लागली. पुढे ब्रॉमहेड यांच्याच प्रोत्साहनाने ग्रीन १८३३ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, केंब्रिजला विद्यार्थी म्हणून दाखल झाले. १८३७ च्या गणित परीक्षेत ते चौथे आले.

१८३९ मध्ये त्यांनी स्फटिकातल्या प्रकाशावर लेख वाचला. प्रकाश म्हणजे ईथर नावाच्या स्थितिस्थापक पदार्थातली लहर, अशी तेव्हाची समजूत होती. फ्रेंच गणितज्ञ पदार्थातले कण एकमेकांना कसे ओढतात-ढकलतात याची कल्पना करून हिशोब करत. त्यातून १५ आकडे निघत. ग्रीन यांनी कणांबद्दल काहीच गृहीत धरले नाही. पदार्थ दाबला किंवा पिळला की त्यात ऊर्जा साठते आणि ती फक्त त्याचा आकार किती बदलला यावर ठरते, एवढेच त्यांनी धरले. त्यातून २१ आकडे निघाले. सगळ्या दिशांना सारख्या पदार्थाला दोन पुरतात. १५ की २१ हा वाद पुढे काही दशके चालला. शतकाच्या अखेरीस फॉइक्ट यांनी स्फटिकांवर केलेल्या मोजमापांनी तो ग्रीन यांच्या बाजूने सुटला.

गंमत अशी की प्रकाशासाठी ही कल्पना टिकली नाही. खडकाला ती चपखल बसली. विषमदिक् खडकात एकाच दिशेने तीन लहरी निघतात. एक जवळपास रेटा देणारी आणि दोन आडव्या हलणाऱ्या. त्या दोघींचे वेग वेगळे असल्याने एक आधी पोचते, दुसरी मागून येते. आधी पोचणारी कोणत्या दिशेने हलते त्यावरून खडकातल्या भेगांची दिशा ताडता येते.

१८३९ मध्येच ग्रीन कॉलेजचे फेलो झाले. त्यासाठी अविवाहित असण्याची अट होती. चक्कीवरच्या व्यवस्थापकाची मुलगी जेन स्मिथ हिच्यापासून त्यांना सात मुले झाली, पण लग्न कधीच झाले नव्हते. कागदोपत्री अट पाळली गेली. हे सुख फार टिकले नाही. आजारी होऊन ते घरी परतले आणि ३१ मे १८४१ रोजी, ४७ व्या वर्षी वारले. त्यांचे एकही चित्र उपलब्ध नाही.

निबंधही विसरलाच गेला असता. १८४५ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांना त्याच्या प्रती आपल्याच शिक्षकाकडे सापडल्या. ते त्या घेऊन पॅरिसला गेले आणि तिथले गणितज्ञ थक्क झाले. पुढे १८५० पासून निबंध बर्लिनच्या क्रेले यांच्या नियतकालिकात तीन भागांत छापला गेला.

आज तेलाचा शोध घेताना किंवा भूकंपाचा अभ्यास करताना जमिनीचे संगणकात लहान लहान चौकोन पाडतात आणि प्रत्येकाला त्याचा ताठरपणा देतात. आडव्या थरांच्या शेलला पाच आकडे पुरतात. त्याच थरांना घडी पडून ते तिरके झाले, की एकवीसच्या एकवीस रकाने भरावे लागतात.