मं. जी. तिरुमलाचार

मंडयम जीरसन्निधी तिरुमलाचार (इ.स. १९१४ – इ.स. १९९९) हे भारतीय कवकशास्त्रज्ञ, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ व वनस्पतिरोगतज्ज्ञ होते. पिंपरी (जि. पुणे) येथील हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याच्या संशोधन विभागाचे ते प्रमुख होते. हॅमायसिन, डर्मोस्टॅटिन आणि ऑरिओफंगिन या बुरशीनाशक प्रतिजैविकांच्या शोधासाठी ते ओळखले जातात.

== पिकांवरील बुरशीचा अभ्यास ==
तिरुमलाचार मूळचे म्हैसूर संस्थानातील. बंगळूरचे सेंट्रल कॉलेज आणि बनारस हिंदू विद्यापीठ येथे त्यांनी अध्यापन केले. पिकांवर तांबेरा व काणी हे रोग पाडणाऱ्या बुरशींचे वर्गीकरण हा त्यांचा आरंभीचा विषय होता. इ.स. १९४४ मध्ये त्यांनी काणीच्या एका नव्या प्रजातीला ज्येष्ठ कवकशास्त्रज्ञ बा. भ. मुंडकूर यांच्यावरून 'मुंडकुरेला' हे नाव दिले. भारतातील काणी-बुरशींवर या दोघांनी मिळून लिहिलेला ग्रंथ इ.स. १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला.

== पिंपरीतील कार्य ==
जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीचा कारखाना इ.स. १९५४ मध्ये स्थापन झाला. पेनिसिलिन देशातच तयार करणे हा त्यामागील हेतू होता. प्रतिजैविकांमुळे जिवाणूंचे रोग आटोक्यात आले, पण त्याबरोबर एक नवी अडचणही पुढे आली. ही औषधे शरीरातील निरुपद्रवी जिवाणूही मारतात आणि त्यांच्या जागी कॅन्डिडा ही बुरशी वाढू लागते. मधुमेही, अपुऱ्या दिवसांची बालके, कर्करोगाचे रुग्ण आणि लघवीची नळी बसवलेले अंथरुणाला खिळलेले वृद्ध यांना तिचा धोका विशेष असतो. अशा रुग्णांत ती मूत्रमार्गात शिरते आणि क्वचित मूत्रपिंड व रक्तापर्यंत पोहोचते.

तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतील सूक्ष्मजीवांत या बुरशीवरील औषधाचा शोध घेतला. 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' या जीवाणूपासून मिळालेल्या हॅमायसिनची माहिती त्यांनी इ.स. १९६१ मध्ये प्रसिद्ध केली. जीवाणूच्या नावात पिंपरीचे नाव कायम राहिले आहे. हॅमायसिन पॉलिईन गटातील आहे. बुरशीच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉलशी ते जखडते, पटलाला छिद्रे पडतात आणि पेशी मरते. तोंड, कान, त्वचा व योनिमार्ग यांच्या बुरशीसंसर्गावर ते वापरले गेले.

इ.स. १९६४ मध्ये मांडलेले ऑरिओफंगिन पिकांच्या रोगांसाठी होते. त्यामुळे तिरुमलाचार यांचे संशोधन पुन्हा शेतीकडे वळले.

== मर्यादा ==
हॅमायसिनच्या चाचण्या अमेरिकेतही झाल्या. मात्र पोटातून घेतल्यावर ते रक्तात पुरेशा व सारख्या प्रमाणात उतरत नसे, त्यामुळे शरीरात खोलवर पसरलेल्या संसर्गावर त्याचा भरवसा देता आला नाही. मूत्रमार्गातील बुरशीचा प्रश्न दीर्घकाळ कायम राहिला. पुढे फ्लुकोनॅझोल आले. हे औषध बहुतांशी न बदलता लघवीतून बाहेर पडते, म्हणून या संसर्गावर ते प्रमुख औषध ठरले. लघवीत कॅन्डिडा आढळणे म्हणजे प्रत्येक वेळी आजार नव्हे. तक्रार नसलेल्या अनेक रुग्णांत नळी काढल्यावर ती आपोआप नाहीशी होते. फार कमी वजनाची नवजात बालके, पांढऱ्या पेशी फार घटलेले रुग्ण आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया होणार असलेले रुग्ण यांना मात्र उपचार आवश्यक असतात.

== सन्मान व उत्तरायुष्य ==
तिरुमलाचार यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. ते भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्य होते. उत्तरायुष्यात ते अमेरिकेतील कॅलिफोर्नियात राहिले आणि तेथील जीरसन्निधी–अँडरसन इन्स्टिट्यूटचे ते सहसंस्थापक होते. इ.स. १९९९ मध्ये त्यांचे निधन झाले.