जड वस्तू खरंच आधी पडते? दोन हजार वर्षांचा समज मोडणारा गॅलिलिओ

निमगाव सावा असो की जुन्नर तालुक्यातलं दुसरं कुठलंही गाव, खळ्यावर बाजरी उफणताना दाणे सरळ खाली पडतात आणि भुसा वाऱ्याबरोबर लांब जातो. हे पाहिलं की जड वस्तू आधी पडते, असंच वाटतं. ग्रीक विचारवंत ॲरिस्टॉटलही हेच सांगायचा. सुमारे दोन हजार वर्षं बहुतेक पंडितांनी ते मानलं. त्याला मोठा धक्का दिला गॅलिलिओने.

१५ फेब्रुवारी १५६४ रोजी इटलीतल्या पिसा इथे त्याचा जन्म झाला. वडिलांना मुलगा डॉक्टर व्हायला हवा होता. तो मात्र गणितात रमला आणि पदवी न घेताच बाहेर पडला. १५८९ मध्ये त्याच विद्यापीठात तो गणित शिकवू लागला.

पिसाच्या झुकत्या मनोऱ्यावरून त्याने गोळे टाकल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. ती त्याचा शिष्य विव्हियानी याने लिहिली, पण इतिहासकारांना तिच्याबद्दल शंका आहे. गॅलिलिओचा खरा प्रयोग वेगळा होता. सरळ पडणारी वस्तू इतक्या वेगात जाते, की तेव्हाच्या साधनांनी वेळ मोजणं अवघड. म्हणून त्याने उतरत्या फळीच्या खाचेतून गोळा घरंगळत सोडला आणि भांड्यातून गळणारं पाणी तोलून वेळ मोजली. दुप्पट वेळेत गोळा चौपट अंतर कापत होता.

मग भुसा मागे का राहतो? कारण हवा. भुसा हलका आणि पसरट, त्यामुळे हवेचा अडथळा त्याला जास्त जाणवतो. हवाच नसेल तर सगळं एकाच वेगाने पडेल, असा निष्कर्ष गॅलिलिओने काढला.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे मत मांडल्याबद्दल १६३३ मध्ये रोमच्या धर्मन्यायालयाने त्याला दोषी ठरवलं. वयाच्या ६९ व्या वर्षी त्याला आपलं मत मागे घ्यावं लागलं. पुढचं आयुष्य घरातच नजरकैदेत गेलं. पुढच्याच वर्षी लाडकी मुलगी वारली, दृष्टीही जात चालली. तरी त्याने पडणाऱ्या वस्तूंवरचा ग्रंथ पूर्ण केला. तो १६३८ मध्ये हॉलंडमधल्या लायडनला छापला गेला. तोवर लेखक आंधळा झाला होता. ८ जानेवारी १६४२ रोजी तो गेला.

१९७१ मध्ये अपोलो १५ चा अंतराळवीर डेव्हिड स्कॉट याने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडलं. दोन्ही एकाच वेळी खाली पोचले. तिथे बाजरी उफणली असती, तर दाणे आणि भुसा एकाच ढिगात पडले असते.