इमाम अबू हनीफा (रह.) आणि भिंतीपलीकडची विहीर

चंद्रपूर-गडचिरोलीकडे घर म्हणजे नुसत्या चार भिंती नसतात. मागे वाडी असते. वाडीत आंबा, सीताफळ, शेवगा, कधी एखादी जुनी विहीर असते. घराच्या वाटण्या झाल्या की खोल्या वेगळ्या होतात, पण वाडीत जायची वाट एकच राहते. मग कोणी त्या वाटेत लाकडं रचतो, कोणी गाडी आडवी लावतो, कोणी दरवर्षी कुंपण हातभर पुढे सरकवतो. शेतात हेच भांडण धुऱ्यावरून आणि पांदण रस्त्यावरून होतं. आधी बोलणं बंद होतं, मग ईदला जाणारी शीरखुर्म्याची वाटी थांबते आणि शेवटी प्रकरण कोर्टात जातं.

शेजारी ऐकतच नसेल तर माणसाने करायचं काय? आपल्याकडचे बहुतेक मुसलमान ज्यांच्या फिकहवर चालतात, त्या इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या आयुष्यात या प्रश्नाची दोन उत्तरं सापडतात. दोन्ही एकमेकांपेक्षा वेगळी आहेत, म्हणून दोन्ही समजून घेतली पाहिजेत.

इमामसाहेबांचं नाव नुअमान, वडिलांचं नाव साबित. जन्म हिजरी ८० मध्ये, म्हणजे इ.स. ६९९ च्या सुमारास, इराकमधल्या कूफा शहरात झाला. घराणं मूळचं अरब नव्हतं, फारसी वंशाचं होतं. घरचा धंदा रेशमी कापडाचा. तरुणपणी नुअमान बाजारातच रमले होते. कूफ्याचे मोठे आलिम इमाम शअबी (रह.) यांनी त्यांची हुशारी ओळखून त्यांना इल्मकडे वळवलं, असं चरित्रकार सांगतात. पुढे ते हम्माद बिन अबी सुलैमान (रह.) यांचे शागीर्द झाले आणि सुमारे १८ वर्षं त्यांच्यापाशी शिकले. हिजरी १२० मध्ये उस्ताद वारले, तेव्हा त्यांची गादी इमामसाहेबांकडे आली.

पण दुकान त्यांनी सोडलं नाही. कोणाच्या दरबाराच्या पगारावर जगायचं नाही, हा त्यांचा बाणा होता. एकदा त्यांचे भागीदार हफ्स यांनी खोट असलेलं कापड गिऱ्हाइकाला न सांगता विकलं. गिऱ्हाईक कोण ते आठवेना. तेव्हा इमामसाहेबांनी त्या मालाची सगळी रक्कम सदका करून टाकली. बाजारात उभं राहिलेला हा माणूस होता. जमीन, भिंत, पाणी, उधारी यावरून माणसं कशी भांडतात हे त्यांना केवळ किताबांतून कळलेलं नव्हतं.

आता पहिला प्रसंग. इमामसाहेबांच्या शेजारी एक चांभार राहत होता. दिवसभर काम करायचा, रात्री खाऊन-पिऊन नशेत मोठमोठ्याने गायचा. इमामसाहेब रात्री इबादतीत असायचे आणि भिंतीपलीकडून रोज तोच आवाज यायचा. त्यांनी कधी तक्रार केली नाही. एका रात्री आवाज आला नाही. सकाळी चौकशी केली तर कळलं की गस्तीवाल्यांनी त्याला धरून नेलं आहे. इमामसाहेब फजरनंतर थेट कूफ्याचा हाकीम ईसा बिन मूसा याच्याकडे गेले. एवढा मोठा आलिम एका चांभारासाठी आलेला पाहून हाकीमाने त्याला तर सोडलंच, त्या रात्री पकडलेल्या इतरांनाही सोडलं. परत येताना इमामसाहेबांनी शेजाऱ्याला एवढंच विचारलं की आम्ही तुला वाऱ्यावर सोडलं का? त्या माणसाने तौबा केली आणि पुन्हा तो त्या वाटेला गेला नाही, असं रिवायतीत आहे.

दुसरा प्रसंग फिकहच्या किताबांत येतो. एक माणूस इमामसाहेबांकडे गाऱ्हाणं घेऊन आला. शेजाऱ्याने आपल्या अंगणात भिंतीला लागून विहीर खणली होती आणि याच्या घराला धोका झाला होता. जागा शेजाऱ्याची, विहीरही त्याच्याच जागेत. नुसत्या नियमाने पाहिलं तर मालकाला आपल्या जागेत हवं ते करायची मोकळीक होती. इमामसाहेबांनी त्या माणसाला सुचवलं की तूही आपल्या जागेत, त्या विहिरीच्या जवळ, सांडपाण्याचा खड्डा खण. त्याने खणला. विहिरीचं पाणी नासलं आणि शेजाऱ्याने मुकाट्याने विहीर बुजवली.

हे दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून बघा. त्रास स्वतःला होता तेव्हा इमामसाहेबांनी सबर केला, उलट शेजाऱ्याच्या अडचणीत धावून गेले. पण दुसऱ्याच्या घराला धोका होता तेव्हा त्याला नुसता सबर कर असं सांगून त्यांनी वाटेला लावलं नाही. त्याला हक्काचा मार्ग दाखवला. आपल्याकडे बरेचदा उलटं होतं. स्वतःवर आलं की आपण लाठी काढतो आणि शेजारच्या गरिबाची वाट अडली की त्याला सबरचा सल्ला देतो.

विहिरीच्या गोष्टीचा अर्थ जशास तसं वागा असा मात्र नाही. माझ्या जागेत मी राजा, या हट्टाचा शेवट कुठे होतो हे तिथे दिसतं. पुढच्या हनफी फकीहांनी हा मुद्दा पक्का केला. मालकाचा हक्क खरा, पण त्यातून शेजाऱ्याचं उघड आणि मोठं नुकसान होत असेल तर त्याला रोखता येतं. उस्मानी सल्तनतीत १८६९ ते १८७६ या काळात हनफी फिकहवर आधारलेला मजल्ला हा कायदा तयार झाला, त्यात हे कलम म्हणूनच आलं.

याचा पाया आणखी जुना आहे. अबू दाऊद यांच्या हदीस संग्रहात एका बागेची हकीकत आहे. एका अन्सारींच्या बागेत दुसऱ्या एका सहाबींचं खजुराचं झाड होतं. झाडाच्या निमित्ताने त्यांचं वेळी-अवेळी येणं-जाणं व्हायचं आणि अन्सारींच्या घरच्यांना त्रास व्हायचा. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी झाड विकायला सुचवलं, मग बदल्यात दुसरं घ्यायला, मग देऊन टाकायला. कशालाच होकार मिळाला नाही, तेव्हा आपण झाड काढून टाकण्याची परवानगी अन्सारींना दिली. क्रम लक्षात घ्या: आधी तीन वेळा तडजोड, निवाडा नंतर.

सामाईक वाटेला हनफी फिकहमध्ये किती वजन आहे, ते शुफ्याच्या नियमात दिसतं. जागा विकली जात असेल तर ती आधी घेण्याचा हक्क पहिला सहमालकाचा, दुसरा वाट किंवा पाणी सामाईक असणाऱ्याचा आणि तिसरा लागून राहणाऱ्या शेजाऱ्याचा. मागच्या दाराची वाट एक असणं हे असं नात्यासारखं मानलं गेलं. नुसता शेजारी म्हणून मिळणारा हा हक्क भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये राज्यघटनेशी विसंगत ठरवला. पण त्यामागची समज आजही कामाची आहे.

इमामसाहेबांनी स्वतः न्यायाधीशाची खुर्ची कधी घेतली नाही. उमय्यांचा सुभेदार इब्ने हुबैरा याने पद देऊ केलं, नकार दिला म्हणून फटके मारले. पुढे अब्बासी खलीफा मन्सूर याने काझीपद देऊ केलं. तेही नाकारलं, म्हणून बगदादमध्ये कैद झाली. हिजरी १५० मध्ये, म्हणजे इ.स. ७६७ मध्ये, तिथेच त्यांचा इंतकाल झाला. बगदादचा आजमिया हा भाग त्यांच्याच इमाम-ए-आजम या लकबवरून ओळखला जातो. ज्यांनी लाखोंना इन्साफाचा मार्ग दाखवला, त्यांनी सत्तेच्या दबावाखाली निवाडे देण्यापेक्षा तुरुंग पत्करला.

आज आपल्या जिल्ह्यांत वाटेचं भांडण निघालं तर देशाचा कायदाही याच धर्तीवर चालतो. १८८२ चा सुविधाधिकार कायदा सुरुवातीला ज्या मोजक्या प्रांतांत लागू झाला, त्यात मध्य प्रांत होता आणि चांदा जिल्हा त्यातच होता. २० वर्षं उघडपणे, हक्काने आणि अडथळ्याविना वापरलेली वाट हा कायदा मान्य करतो. पण मालकाच्या परवानगीने वापरलेली वाट हा हक्क होत नाही, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. शेताच्या धुऱ्यावरून वाट हवी असेल तर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ नुसार तहसीलदाराकडे अर्ज करता येतो.

म्हणून आधी घरी जाऊन बोला, तेही चारचौघांत नव्हे, एकट्याने. मग मोहल्ल्यातल्या दोन जाणत्या माणसांना घेऊन बसा. वाट किती फूट, कोणत्या वेळी, फळं कोणी तोडायची, हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. तरी ऐकलं नाही तर मोजणी आणि अर्ज आहेच, त्यात कमीपणा नाही. मात्र भांडण वाटेचं आहे तर ते वाटेपुरतंच ठेवा. अर्ज केलेल्या दिवशीसुद्धा त्या घरात कोणी आजारी पडलं, तर दवाखान्यात न्यायला पहिला आपलाच हात पुढे असला पाहिजे.