कै. रघुनाथ नरसिंह मुधोळकर

वऱ्हाडच्या थोर पुरुषांत रघुनाथ नरसिंह मुधोळकर यांची गणना होते. त्यांचा जन्म १८५७ सालीं धुळें येथें झाला. मुंबईस शिक्षण घेऊन त्यांनीं अमरावतीस वकिली केली व तीच आपली कर्मभूमि मानिली.

१८९० सालीं राष्ट्रसभेनें इंग्लंडास धाडलेल्या शिष्टमंडळांत सुरेंद्रनाथ बॅनर्जींबरोबर मुधोळकरही होते. काळ अनुकूल नव्हता. दोनच वर्षांपूर्वीं खुद्द मुख्य प्रधान लॉर्ड सॅलिसबरी यांनीं, इंग्रज मतदार काळ्या माणसास निवडतील असें आपणांस वाटत नाहीं, अशा आशयाचे उद्गार दादाभाई नवरोजींसंबंधानें काढिले होते. वर्णावरून योग्यता ठरविणारा हा समज जेथें एवढ्या उच्चपदस्थाच्या मुखीं होता, तेथें जाऊन मुधोळकरांनीं भरसभांतून हिंदुस्थानची बाजू मांडिली. पुढें १८९२ सालीं लंडनच्या मतदारांनींच दादाभाईंस पार्लमेंटांत धाडिलें व तो समज खोटा ठरविला.

१९१२ सालीं मुधोळकर बांकीपूरच्या राष्ट्रसभेचे अध्यक्ष झाले. १९२१ सालीं ते निवर्तले.

विद्यार्थीमित्रहो, परक्यांनीं केलेला वर्णभेद आपणांस झोंबतो. परंतु गोऱ्या-सांवळ्याचा भेद आपल्या घरांतूनही चालतो. मुधोळकरांचें स्मरण करितांना आधीं तो टाकावा.