टॉम किलबर्न : संगणकाची अपुरी जागा पुरवून वापरणारा माणूस



संगणकावर एकदम खूप काही उघडलं की तो रेंगाळतो आणि मुलं विचारतात, हा हँग का झाला? या प्रश्नाचं उत्तर ज्यांच्या कामात सापडतं, त्या टॉम किलबर्न यांची आज ओळख करून घेऊया.

किलबर्न यांचा जन्म ११ ऑगस्ट १९२१ रोजी इंग्लंडमधील ड्यूसबरी या गावी झाला. केंब्रिजला ते गणित शिकले. तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. १९४२ मध्ये ते रडार संशोधनाच्या कामात रुजू झाले. तिथे फ्रेडी विल्यम्स हे त्यांचे वरिष्ठ होते. युद्धानंतर दोघेही मँचेस्टर विद्यापीठात आले.

त्या वेळची अडचण अशी की यंत्र भराभर गणित करू शकेल, पण आकडे ठेवायचे कुठे? टीव्हीसारख्या काचेच्या नळीवर विद्युतभाराचे ठिपके ठेवून त्यांनी ही अडचण सोडवली. ठिपके लगेच पुसट होत, म्हणून ते सतत पुन्हा उमटवावे लागत. ही नळी तपासायला 'बेबी' नावाचं छोटं यंत्र बांधलं. २१ जून १९४८ रोजी त्यावर किलबर्न यांनी लिहिलेला प्रोग्रॅम चालला. २ च्या १८ व्या घाताचा, ती संख्या सोडून, सर्वात मोठा विभाजक शोधायचा होता. उत्तर आधीच माहीत होतं, ती संख्या निम्मी केली की झालं! पण यंत्राने एकेक संख्या तपासत ५२ मिनिटं न चुकता काम केलं. नळी विश्वासाची आहे, हे सिद्ध झालं.

पुढचं मोठं काम म्हणजे १९६२ मध्ये सुरू झालेला ॲटलस संगणक. बाकावर थोड्याच वह्या मावतात, बाकीच्या कपाटात ठेवतो ना? तसंच इथे होतं. जलद स्मृती लहान, फिरत्या ड्रमवरची स्मृती मोठी पण मंद. आधी ही ने-आण प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच करावी लागे. ॲटलस ती स्वतः करू लागला. स्मृतीची ५१२ शब्दांची 'पानं' पाडली. हवं ते पान बाकावर नसेल तर यंत्र काम थांबवून ते आणणार आणि सध्या न लागणारं परत पाठवणार. यालाच आज स्वॅपिंग म्हणतात.

पण वह्या फारच झाल्या तर सगळा वेळ ने-आण करण्यातच जातो. हेच ते रेंगाळणं. चुका शोधणाऱ्या डिबगरची तर वेगळीच पंचाईत होते. अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम थांबवून तपासणी चालू असताना हवं ते पान कपाटात असलं, तर आणणार कोण? आणणाराही थांबलेलाच! तरीही तपासणाऱ्याने ते पान जबरदस्तीने वाचायला घेतलं, तर सगळंच कोलमडू शकतं. दोष प्रोग्रॅममध्येच असेल असं नाही, हे मोठ्यांच्याही लवकर लक्षात येत नाही.

१९६४ मध्ये मँचेस्टरला संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला, त्याचे पहिले प्रमुख किलबर्नच. १७ जानेवारी २००१ रोजी त्यांचं निधन झालं.

वर्गात हा खेळ जरूर घ्या : बाकावर चारच वह्या, बाकीच्या कपाटात. आधी चार विषयांची नावं आलटून पालटून पुकारा, मग सहा विषयांची. संगणक का रेंगाळतो, ते मुलं स्वतःच सांगतील.